‘उपचार सोडून फोटो काय काढताय?’

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे पावणेआठ वाजले असतील, आमच्या कॅज्युअल्टीत एक काका आले, साठ-बासष्टचे असतील, तोंड एका बाजूला वाकडं, उजवा हात लुळा, बोलायला जातात तर नुसतं ‘आं आं’. ड्युटीवरच्या डॉक्टरने बघितलं, शुगर चेक केली, हाताला सलाईनची सुई लावली आणि स्ट्रेचर सरळ सीटीकडे वळवलं. तिथे त्यांचा मुलगा आडवा उभा राहिला. ‘ओ, आधी इंजेक्शन द्या की! उपचार सोडून फोटो काय काढताय?’

त्याची काही चूक नव्हती. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच ओरडले असते. मी रेडिओलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावात काम करते, आणि इतकी वर्षं झाली तरी अर्ध्या गावाला मी ‘सोनोग्राफीवाल्या मॅडम’ एवढीच माहिती आहे. गरोदर बाईचं बाळ बघतात त्या. रात्री-बेरात्री हॉस्पिटलात जाऊन मी नक्की काय करते हे माझ्या सासूबाईंनाही बरेच दिवस कळत नव्हतं. म्हणून म्हटलं लिहून टाकावं एकदा, की इमर्जन्सीत हे एक्सरे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय प्रकरण कशासाठी असतं, कधी थांबायचं नसतं आणि कधी फोटोच काढायचा नसतो.

काकांकडे परत येऊ. पॅरालिसिसचा झटका, डॉक्टरी भाषेत स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बिघडला. तो दोन तऱ्हांनी बिघडतो. शेतात ठिबक टाकलेलं असतं तेव्हा पिकाला पाणी का मिळत नाही, तर एकतर नळी चोकअप झाली किंवा नळी फुटली. मेंदूतही तसंच, एकतर रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरलं. बाहेरून बघाल तर दोन्ही पेशंट सेम दिसतात, तोंड वाकडं, हात-पाय गेलेला, बोलणं गेलेलं. कितीही मोठा डॉक्टर आणा, नुसतं तपासून तो छातीठोक सांगू शकत नाही की हे हे आहे की ते. आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या बरोबर उलटे. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिलं तर रक्त थांबायचं राहिलं बाजूला, आणखी वाहायला लागेल, माणूस हातचा जाईल. म्हणजे तो मुलगा ज्या इंजेक्शनसाठी भांडत होता ते द्यायचं की नाही हे ठरवणाराच तो फोटो होता.

घाई मात्र खरीच असते, त्यात तो मुलगा शंभर टक्के बरोबर. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला साधारण १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशोब २००६ साली एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने मांडला आणि तो सगळीकडे सांगितला जातो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आता ह्यात मेख आहे. तास मोजायचे कुठून? तर हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही, त्रास तुमच्या लक्षात आल्यापासूनही नाही, माणूस शेवटचा धडधाकट कधी बघितला तिथून. कोणी रात्री दहाला झोपलं आणि सकाळी सहाला उठताना हात हलेना, तर घड्याळ रात्री दहालाच सुरू झालेलं असतं, कारण झोपेत नक्की कधी झालं कोणाला माहीत. (मोठ्या सेंटरला अशा पेशंटचा खास एमआरआय करून ठरवता येतं, पण ती सोय सगळीकडे नसते.)

त्या दिवशी आम्ही विचारलं, कधीपासून? मुलगा म्हणाला, ‘सकाळपासून.’ सकाळपासून म्हणजे काय हो? मागे सून उभी होती, डोक्यावर पदर, इतका वेळ एक अक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘साडेपाचला मी च्या दिला तवा बोलले की. साखर कमी पडली म्हनले. कप स्वतः धरला हुता, उजव्या हातात.’ बस्स. उजव्या हातात धरलेला तो कप आम्हाला त्या वेळी सोन्यापेक्षा महाग होता. साडेपाच म्हणजे दहापर्यंत वेळ आहे. तिचं नाव केसपेपरवर नाही कुठेच, पण त्या केसमधली सगळ्यात कामाची माहिती तिने दिली.

मग सीटी झाला. डोक्याच्या साध्या सीटीला खरं स्कॅनिंग काही सेकंदांचं असतं, पेशंट टेबलवर घेणं, डोकं सरळ करून पट्टा बांधणं, बाकीच्यांना बाहेर काढणं ह्यातच पाच मिनिटं जातात. आणि सीटी कसा निघाला? नॉर्मल. मी फोन करून सांगितलं, ‘सीटी नॉर्मल आहे, ब्लीड नाही, पुढे जा.’ हे मुलाने ऐकलं आणि तो पुन्हा भडकला, नॉर्मल आहे तर मग ते एवढं महागडं इंजेक्शन कशाला!

हा गोंधळ इतक्या वेळा होतो की इथे जरा थांबून नीट सांगते. सीटी म्हणजे काय, तर एक्सरेची ट्यूब डोक्याभोवती गरागरा फिरते आणि कुठल्या जागेने किती किरण अडवले ह्याचा कॉम्प्युटर आकडा काढतो. पाण्याला शून्य आकडा, हवेला उणे १०००, हाडाला हजाराच्या आसपास. नॉर्मल मेंदू तीस-चाळीसच्या घरात, आणि ताजं गोठलेलं रक्त साठ-सत्तर. आकडा जास्त तितकं पांढरं दिसतं. म्हणून रक्तस्राव असेल तर करड्या मेंदूत पांढराशुभ्र डाग, शिकाऊ पोरालाही दिसेल असा. पण गुठळीने रक्त बंद झालेला भाग पहिले काही तास फारसा बदलतच नाही, उपाशी पडलाय पण दिसायला तसाच. त्याचा काळपटपणा ठळक व्हायला बरेच तास लागतात, आणि तो ठळक झाला म्हणजे तेवढा भाग गेला. म्हणून लक्षणं अशी आणि सीटी नॉर्मल हे पहिल्या दोन-तीन तासांत चांगलं लक्षण आहे, अजून वाचवण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. आम्ही सीटीत स्ट्रोक शोधत नसतो, रक्त नाहीये ना एवढं बघत असतो. इमर्जन्सीतल्या बहुतेक तपासण्या अशाच असतात, एकच प्रश्न, हो की नाही, आणि त्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते ठरणार. ‘सगळं चेकअप करून टाका’ हे त्या वेळचं काम नाही.

सीटीचे हे आकडे ज्या ब्रिटिश इंजिनिअरच्या नावाने ओळखले जातात तो हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीत नोकरीला होता. ईएमआय म्हणजे तीच, जिच्या एचएमव्हीच्या तबकड्या, कुत्र्याचं चित्र असलेल्या, आपल्याकडे घरोघरी वाजल्या. त्याच्या मशीनवर पेशंटच्या मेंदूचा पहिला सीटी झाला १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनजवळ विम्बल्डनच्या एका हॉस्पिटलात. १९७९ ला त्याला आणि सीटीमागचं गणित मांडणाऱ्या कॉरमॅकला मिळून नोबेल मिळालं. तेव्हा एकेका चकतीला, म्हणजे एका आडव्या कापाच्या फोटोला, मिनिटं लागायची, आता अख्खं धड काही सेकंदांत होतं.

आता ॲक्सिडेंट. आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, आणि पोरं बाईकवर. एका रात्री असंच एक पोरगं आलं, वीस-बावीसचं, पूर्ण शुद्धीवर, कोपराला खरचटलेलं सोडलं तर अंगावर जखम नाही. मित्र म्हणत होते काही झालं नाही त्याला, मुका मार आहे. पण नाडी १३० आणि बीपी वरचं ८०, चेहरा पांढराफटक. अशा वेळी मी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवते आणि फक्त चार जागा बघते, लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मध्ये, प्लीहा आणि डाव्या किडनीच्या मध्ये, खाली लघवीच्या पिशवीमागे, आणि हृदयाभोवती. हल्ली सोबत छातीच्या दोन्ही बाजूही बघतात, फुफ्फुसाबाहेर हवा साठलीय का ते कळायला. एवढंच. किडनी स्टोन बघत नाही, पित्ताशय बघत नाही. लिव्हर आणि किडनी एरवी एकमेकांना चिकटून बसलेल्या असतात, मध्ये नुसती एक पांढरी रेघ. ह्या पोराच्या तिथे बोटभर काळी पट्टी होती. आवाजाच्या लहरी पातळ गोष्टीतून न अडखळता निघून जातात, परत काही येतच नाही, म्हणून पाणी असो की रक्त, स्क्रीनवर काळंच दिसतं. अपघात झालाय, बीपी पडतंय आणि पोटात काळी पट्टी, मग ते काय पाणी नसतं. प्लीहा फाटली होती, जुनी माणसं जिला पाणथरी म्हणतात ती.

दोन मिनिटांत सर्जनला सांगितलं आणि पोरगं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात गेलं, सीटी न करता. नंतर त्याच्या चुलत्याने विचारलंच, सीटी मशीन असताना केलं का नाही? कारण सीटीच्या खोलीत पेशंट एकटा असतो. दार बंद, सगळे काचेच्या पलीकडे, आणि बीपी ८० असलेला माणूस त्या बोगद्यात कोसळला तर त्याला बाहेर काढून छाती दाबेपर्यंत गेलेला असतो. बीपी टिकतंय, तर सीटी, डोक्यापासून मांड्यांपर्यंत, कुठे काय फाटलंय ते सगळं समजतं आणि बऱ्याचदा ऑपरेशन टळतं. बीपी टिकत नाही आणि पोटात रक्त दिसलं, तर सरळ ओटी. नियम सोपा आहे, पाळताना हात थरथरतात.

मग लोक विचारतात की एवढी दोन मिनिटांची गोष्ट आहे तर प्रत्येक १०८ च्या गाडीत सोनोग्राफी मशीन का नाही ठेवत. आपल्याकडे त्याचं उत्तर मेडिकलपेक्षा कायद्यात जास्त आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात १९९४ ला आला, त्याच्याही आधी १९८८ ला महाराष्ट्राने स्वतःचा केला होता, देशात पहिला. त्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी जागेसकट, वापरणाऱ्या डॉक्टरची नोंदणी, पोर्टेबल मशीन उचलून कुठेही नेता येत नाही. गरोदर बाईची सोनोग्राफी म्हणजे ह्या कायद्याचा नोंदीचा कागद, फॉर्म एफ, भरायचाच, ती बाई नळीत गर्भ फुटून पोटात रक्त घेऊन आली असली तरी. मला ह्या कायद्याचा वैताग येतो का? रात्री तीनला येतो, खोटं कशाला बोलू. पण मुलीच किती कमी झाल्या होत्या आपल्या राज्यात हेही ह्याच डोळ्यांनी बघितलंय, आणि त्यात आमच्याच जातीचे डॉक्टर होते, डॉक्टर ह्याच जातीचे म्हणतेय मी, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

डोक्याला मार लागलेल्यांचं एक वेगळंच. पडला, दोन मिनिटं बेशुद्ध झाला, मग उठून बसला, बोलला, पाणी मागितलं, सगळे म्हणाले चला बरंय, घरी नेऊन झोपवला. आणि दोन-तीन तासांनी उठवायला गेले तर उठत नाही. कवटी आणि मेंदूवरचं जाड आवरण ह्यांच्या मध्ये रक्त साठत जातं, बऱ्याचदा कानाच्या वरच्या भागात हाड पिचून खालची धमनी फाटलेली असते. ते आवरण कवटीच्या सांध्यांना घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळे रक्ताला आडवं पसरता येत नाही, ते आत फुगतं, सीटीत भिंगासारखं दिसतं. वेळेत कवटीला भोक पाडून काढलं तर माणूस अक्षरशः चालत घरी जातो. ह्याउलट म्हातारी माणसं, बाथरूममध्ये घसरलेली, त्यांच्यात आवरणाच्या आतल्या बाजूला बारीक शिरा तुटतात आणि रक्त मेंदूभोवती पसरत जातं, सीटीत चंद्रकोर दिसते, अगदी कपाळावर लावतो तशी. ती महिन्याभरानेही दिसू शकते. आजी हल्ली विसरायला लागल्या, चालताना झोक जातो, वय झालं म्हणून सोडून दिलेलं, आणि महिन्यापूर्वी पडल्या होत्या हे कोणालाच आठवत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्त. म्हणून हॉस्पिटलात येताना गोळ्यांची पिशवी उचलून आणा हो, ‘ती पांढरी बारीक गोळी’ म्हणून आम्हाला काही कळत नाही.

एक्सरेला लोक आता जुनाट समजतात, पण काही ठिकाणी त्याच्याइतकं झटपट काही नाही. गुडघेदुखीसाठी उपाशीपोटी रोज पेनकिलर खाणारे काका, अचानक पोट लाकडासारखं कडक. उभं करून छातीचा एक्सरे काढला आणि उजव्या श्वासपटलाखाली (छाती आणि पोट ह्यांच्यामधला पडदा) हवेची बारीक काळी कोर दिसली की जठराला किंवा आतड्याला भोक पडलंय, विषय संपला. उभं करून का, तर हवा वर जाते, झोपवून काढलात तर ती पोटावर पसरते आणि दिसत नाही. दुसरं म्हणजे लहान पोरांनी गिळलेल्या गोष्टी. नाणं आणि रिमोटमधला बटणसेल, एक्सरेत दोन्ही गोल. पण सेलला कडेने दुहेरी रेघ असते, जणू ताटलीत ताटली. नाण्याला थोडा वेळ मिळतो, सेलला नाही, अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. ‘शीवाटे पडून जाईल, केळं खाऊ घाला’ हे सेलच्या बाबतीत अजिबात ऐकू नका.

आणि जिथे आम्ही नको असतो त्या जागा. छातीत एका बाजूला हवा इतकी दाबून भरलीय की हृदय पलीकडे ढकललं जातंय, मानेच्या शिरा फुगल्यात, बीपी जातंय, अशा पेशंटचा एक्सरे काढत बसायचं नसतं, आधी सुई घालून हवा काढायची. त्याचा एक्सरे माझ्याकडे आला तर मला आधी भीतीच वाटते, की हा काढण्यात किती मिनिटं गेली. किंवा बारा-चौदा वर्षांचं पोरगं, रात्रीतून अंडकोषात भयंकर दुखायला लागलं, लाजून घरी सांगत नाही. पीळ पडला असेल तर साधारण सहा तास असतात. सोनोग्राफी डॉप्लर, म्हणजे रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी, जवळ असेल तर दोन मिनिटांत करू, नसेल तर सर्जनने वाट बघायची नाही. सोनोग्राफीवाल्या मॅडम येईपर्यंत थांबू असं माझ्यासाठी कोणी थांबलेलं मला चालणार नाही.

‘मोठी टेस्टच करा ना, एमआरआय करा’ हा आग्रह तर रोजचा. एमआरआय सीटीपेक्षा मोठा नाहीये, वेगळा आहे. ताजा स्ट्रोक तो मिनिटांत पकडतो हे खरं, मणक्यासाठी तर बेस्टच. पण वीस-पंचवीस मिनिटं न हलता झोपायचं, आणि ते चुंबक कायम चालू असतं, मशीन वापरात नसतानाही. चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात, दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट ओढला गेला, जीव गेला त्याचा. म्हणून आमचा टेक्निशियन दारात उभा राहून किल्ल्या, मोबाईल, साडीच्या पिना मागतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. सोन्याला चुंबक ओढत नाही हे बरोबर, पण मंगळसूत्राच्या तारेत काय मिसळलंय हे सोनारालाच ठाऊक.

कधी कधी आम्ही फोटो सोडून उपचारही करतो, हे फारच कमी लोकांना माहीत असतं. जुना टीबी, फुफ्फुसात पोकळी झालेली, आणि एका रात्री खोकल्यातून वाटीभर रक्त. अशा वेळी जांघेतून बारीक नळी घालून, स्क्रीनवर बघत बघत, फुफ्फुसाच्या त्या फुगलेल्या धमनीपर्यंत जाऊन तिच्यात बारीक कण सोडून ती बंद करतात. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तेव्हाही, गर्भाशय काढायच्या आधी. टाका नाही, मोठी भूल नाही. हे आमच्यातल्याच इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाल्यांचं काम, ते मोठ्या शहरांत भेटतात, मी माझ्या गावात फार तर किडनीत पू भरला असेल तर बाहेरून नळी टाकून देते, ती पण मुतखड्याच्या केसमध्ये जीव वाचवते म्हणा.

किरणांची भीती वाटते का? डोक्याचा सीटी म्हणजे साधारण वर्षभर जगून निसर्गातून जेवढे किरण अंगावर येतात तेवढेच, पोटाचा त्याच्या तीन-चार पट. विनाकारण करू नये, डोकं दुखतंय म्हणून दर सहा महिन्यांनी तर नाहीच. जिवावर बेतलं असेल तर हा हिशोब करायचा नाही, पेशंट गरोदर असली तरी, फक्त गरोदर असल्याचं आधी सांगायचं.

आणि आम्ही चुकतो. रात्रीचा पहिला रिपोर्ट तात्पुरता असतो तो ह्याचसाठी. एकदा डोक्याच्या सीटीत मी रक्तस्राव पकडला, स्वतःवर खूश झाले, आणि त्याच फोटोंच्या अगदी खालच्या दोन चकत्यांत मानेच्या पहिल्या मणक्याला चीर होती ती माझ्याकडून सुटली. एक मोठी गोष्ट सापडली की डोळे शोधायचं थांबवतात. सकाळी पुन्हा बघताना दिसली, पेशंटच्या मानेला कॉलर तोवर सर्जनने काढू दिली नव्हती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी पहिले खालच्या चकत्या बघते.

काकांना त्या सकाळी साडेआठच्या आत इंजेक्शन मिळालं. दीड महिन्याने ते लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफीला आले, चालत, उजवा पाय जरा ओढत. जाताना म्हणाले, मॅडम माझा तो डोक्याचा फोटो दाखवा बरं. मी कॉम्प्युटरवर उघडून दिला. बराच वेळ मान तिरकी करून बघत होते. म्हणाले, ‘ह्यात तर कायच दिसत नाय.’

म्हटलं, ‘हो काका, काही दिसत नाहीये तेच बघायचं होतं.’

त्यांना पटलं नाही. कायच दिसत नाही त्याचे एवढे पैसे घेतले म्हणून बाहेर सुनेला सांगत होते, आणि ती तोंडावर पदर धरून हसत होती.